केसपेपर काढा, मग मतं मांडा

शाल घेतली, नारळ घेतला, तुमची भाषणंही ऐकून घेतली. आता बसा सगळे. बाई मनोगतात चार गोड वाक्यं बोलतील आणि मोकळ्या होतील, असं तुमच्या मनात असेल तर दहावीनंतर तुम्ही मला पार विसरलात. मघाशी पंगतीत तुमच्या मधोमध बसले होते मी. गुडघे गेलेत माझे, कान नाही. लाडकी बहीण, आयुष्मानचं कार्ड, फुकटचं रेशन, सिव्हिलची अवस्था. जिलेबीपेक्षा याचाच आग्रह जास्त चालला होता. एका बाजूचे म्हणत होते, लोकांना फुकट खायची सवय लावली, राज्य कर्जात बुडवलं. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते, आमच्या नेत्यानं दिलं, तुमच्यानं काय दिलं? आवाज दोन्हीकडे भरपूर. माहितीचा पत्ता कुठेच नाही. नागरिकशास्त्र तुम्ही तेव्हाही ऑप्शनला टाकायचात, त्याची फळं आज पानात दिसली.

तुमच्या दोन तटांत मला काडीचा फरक दिसला नाही. दोघांचीही नजर घेणाऱ्याच्या हातावर खिळलेली. एकाला तो हात फुकट्याचा वाटतो, दुसऱ्याला उपकाराखाली वाकलेला. पैसा कुठून आला, कोणाकोणाच्या हातून गेला, वाटेत कुठे अडला, दवाखान्यापर्यंत पोचला तेव्हा तिथे डॉक्टर होता की खुर्चीवर नुसता टॉवेल होता, यातलं एक अक्षर कोणी उच्चारलं नाही. पन्नाशीला आलात. मुलांची लग्नं जमवता, सोसायट्यांचे चेअरमन आहात, आणि सरकारनं खर्च केलेला रुपया गेला कुठे हे विचारायची अक्कल अजून आलेली नाही.

बँकेतले साहेब, उभे राहा. तुझ्याकडच्या धुणंभांड्याच्या बाईला लाडकी बहीणचे महिन्याला दीड हजार मिळायला लागले आणि तेव्हापासून ती दांड्या मारते, अशी तुझी तक्रार. वर म्हणालास, हे सगळं आमच्या टॅक्सच्या पैशावर चाललंय. बरं. आकडेमोड तुझा धंदा, म्हणून तुझ्याकडूनच करून घेते. दीड हजार गुणिले बारा, अठरा हजार. आता तुझं विवरणपत्र काढ. जुन्या करप्रणालीत कलम ८०डी खाली स्वतःच्या कुटुंबाच्या आरोग्य विम्याचे २५ हजार आणि साठीपुढच्या आईवडिलांच्या विम्याचे ५० हजार उत्पन्नातून वजा होतात. झाले पंचाहत्तर हजार. तू तीस टक्क्यांच्या टप्प्यात. वाचलेला कर साडेबावीस हजार, उपकर धरला तर २३,४०० रुपये. म्हणजे सरकार वर्षाला तिला जेवढं देतं त्याहून जास्त तुला सोडतं. तिला अर्ज, आधार, ई-केवायसी, उत्पन्नाची अट आणि वर तुझे टोमणे. तुला नुसता एक रकाना भरायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. त्या दिवशी तू पेढे वाटायचाच बाकी होतास. नव्या करप्रणालीत ८०डी नाही हे मला ठाऊक आहे, मान हलवू नकोस. तिथे दरच उतरवून घेतलेत तुम्ही. आणि ती बाई टॅक्स भरत नाही हे तुला कोणी सांगितलं? तिच्या मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी जातो. तुझाही जातो. तेवढाच.

राज्याला हे परवडतं का, हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. विचार की! जून २०२४ च्या अर्थसंकल्पात योजना आली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च सांगितला गेला. हा पैसा कोणत्या खात्यातून काढणार, हा तिथे उभा राहिलेला प्रश्न होता. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक. अर्ज मंजूर करायची घाई आधी, छाननी नंतर. आणि त्या छाननीत सरकारी नोकरीतल्या बायका निघाल्या, चक्क पुरुषही निघाले. यावर बोल. आधी का तपासलं नाही, याचा जाब मंत्रालयाला विचारायचा असतो. तू तो ओट्यापाशी भांडी घासणाऱ्या बाईला विचारतोस, कारण ती समोर असते आणि उलट बोलत नाही.

डॉक्टर, तू हसू नकोस. फुकट दिलं की माणसाला किंमत राहत नाही, हे तुझं वाक्य. सरकारी मेडिकलला शिकलास तू. त्याच पदवीला खाजगी महाविद्यालयात किती पटीनं फी पडते हे तुझ्या मुलाच्या प्रवेशाच्या वेळी तुला चांगलं समजलंय. तुझ्या शिक्षणातला फरक कोणी भरला? बंधपत्र लिहून दिलं होतंस ग्रामीण सेवेचं. दंडाची रक्कम भरून सुटलास, आणि एवढ्या वर्षांत तुला स्वतःची किंमत कमी झाल्यासारखं कधी वाटलं नाही. आता धर्मादाय रुग्णालयात मानद म्हणून जातोस. धर्मादाय म्हणजे काय ते सांग. नाही येत? मग ऐक. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यात ४१ एए हे कलम आहे. त्यावर उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली योजना २००६ पासून लागू आहे. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बलांना सवलतीच्या दरात, आणि त्या खर्चासाठी रुग्णालयाच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. याच्या बदल्यात करात सवलत मिळते, पुष्कळांना जमिनीतही मिळालेली असते. म्हणजे हे गरिबावर उपकार नाहीत, घेतलेल्या सवलतीची परतफेड आहे. तो नियमांचा फलक तुझ्या रुग्णालयात लावलाय? लावलाय म्हणतोस. शोभेच्या झाडाच्या कुंडीमागे असेल.

आणि तिसऱ्या बाकावर बसायचास तो. 'फुकटेगिरी बंद करा' म्हणून सगळ्यात मोठा आवाज तुझा. तुझे वडील वर्ग एकचे अधिकारी म्हणून निवृत्त झाले. २९ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत घेतलं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. तू पहिल्याच आठवड्यात वडिलांचं कार्ड काढून आणलंस. चांगलं केलंस, हे मी टोमण्यानं म्हणत नाही. म्हातारपणीचं आजारपण घराला खणून काढतं आणि ते वाटून घ्यायलाच सरकार असतं. पण मग पिवळ्या कार्डवाल्यानं तेच केलं तर तुझ्या पोटात का दुखतं? वडिलांच्या कार्डाचा रंग वेगळा आहे का?

न्यू जर्सीहून आलेल्या बाईसाहेबही मान डोलवत होत्या. तिकडे कसं, ज्याचं त्यानं बघायचं, म्हणून शिस्त आहे. असं? मग तुमच्या पगारातून मेडिकेअरसाठी १.४५ टक्के दर महिन्याला कोण कापतं, आणि तेवढेच तुमची कंपनी कोणासाठी भरते? १९६५ साली झालेल्या कायद्यानं तिथल्या पासष्टीपुढच्या माणसांच्या दवाखान्याचा मोठा खर्च सरकारच उचलतं. २००९ मध्ये ओबामांच्या आरोग्य सुधारणांवरून तिकडे गावोगावी सभा पेटल्या होत्या, तेव्हा साउथ कॅरोलायनात एक गृहस्थ उठून आपल्या खासदाराला म्हणाला, सरकारनं माझ्या मेडिकेअरला हात लावायचा नाही. मेडिकेअर सरकारचीच आहे, हे बॉब इंग्लिस नावाच्या त्या खासदाराने समजावून पाहिलं, त्याला पटेना. आपण घेतो ते हक्काचं आणि शेजारी घेतो ते फुकटचं, ही बुद्धी फक्त आपल्या तालुक्यातच पिकते असं नाही. देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे १७ ते १८ टक्के आरोग्यावर घालवूनही त्यांच्याकडे विम्याशिवाय राहिलेली माणसं आहेतच. शिस्तीचं इतकंच.

आता दुसरी बाजू. इतका वेळ गालातल्या गालात हसत होतात, बाईंनी त्यांची बरी जिरवली म्हणून. तुमची अवस्था त्यांच्याहून वाईट आहे. त्यांना निदान प्रश्न पडतो, चुकीचा का होईना. तुम्हाला फक्त फ्लेक्स दिसतो.

'आमच्या सरकारनं गरिबाला मोफत ऑपरेशन दिलं.' कोणत्या सरकारनं? राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली. पिवळं आणि केशरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. सरकार बदललं, १ एप्रिल २०१७ पासून तीच महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत आली आणि पुढे दोन्ही एकमेकींना जोडल्या गेल्या. मध्ये आणखी सरकारं आली आणि गेली. २०२३ मध्ये राज्याने संरक्षण पाच लाखांवर नेऊन शुभ्र कार्डवाल्यांनाही आत घ्यायचं ठरवलं. रुग्णालयातलं योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल तेच, पेशंटला लागणारी मंजुरी तीच, भिंतीवरचा फोटो तेवढा बदलत गेला. तुम्ही फोटोवरून मार्क देता. दिल्लीत २०१५ साली मोहल्ला क्लिनिक निघाली तेव्हा निम्म्या वर्गाने 'पत्र्याच्या खोल्या' म्हणून खिल्ली उडवली; २०२२ च्या अखेरीस मुंबईत 'आपला दवाखाना' निघाला तेव्हा तेच लोक हार घेऊन उभे. उरलेल्या निम्म्यांनी याच्या नेमकं उलट केलं. खोलीत डॉक्टर किती वाजता येतो आणि रक्त तपासून मिळतं का, हे दोन्ही वेळा कोणी जाऊन पाहिलं नाही. अरे, हे मत झालं का? ही तर शेपूट हलवण्याची दिशा झाली.

भावानं बहिणीला ओवाळणी घातली म्हणता. भाऊ ओवाळणी घालतो ती स्वतःच्या खिशातून. मंत्र्यानं स्वतःच्या सातबाऱ्यावरचं एक गुंठा तरी विकलाय का यासाठी?

या राज्याला हे सगळं काल समजलं अशा थाटात तुम्ही बोलत होतात, म्हणून मी जास्त चिडले. १९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या कोणाला आठवणार नाही. तुमच्या आयांना विचारा. खडी फोडून हातांना घट्टे पडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या दुष्काळाच्याही आधी, १९६५ साली, तासगाव तालुक्यात एक प्रयोग झाला होता: काम मागणाऱ्याला काम द्यायचं, आणि त्या कामातून गावाची जमीन आणि पाणी सुधारायचं. त्यामागची कल्पना वि. स. पागे यांची. हा माणूस विधान परिषदेचा सभापती होता. फ्लेक्सचा काळ नव्हता, म्हणून तुम्हाला नाव ठाऊक नाही. दुष्काळात योजना राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागितलं की काम मिळालंच पाहिजे, ठरल्या मुदतीत नाही मिळालं तर बेकारी भत्ता. देशाचा रोजगार हमी कायदा यायला पुढे २००५ साल उजाडलं.

आणि पैसा? तो कुठून आणायचा हे तेव्हाच्या लोकांनी उघड सांगितलं. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. पगारपत्रकात 'पीटी' म्हणून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात ना, तोच. तुमच्यापैकी कितीजणांना माहीत होतं की शहरातल्या पगारदाराकडून तो घ्यायचा आणि दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामावर लावायचा, यासाठी तो आला? हात वर करा. एकही नाही. तुमची संपूर्ण नोकरी त्या ओळीखाली गेली, साहेब. ज्याला तू फुकट्या म्हणतोस त्याच्या उन्हातल्या मजुरीतून पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली, रस्ते झाले. विहिरींना पाणी टिकलं, मग तुमच्या वडिलांनी ऊस लावला आणि त्या उसाच्या बिलावर तुम्ही पुण्याला शिकायला गेलात.

ती योजना सोवळी होती असं मी म्हणत नाही. मस्टरवर खोटी नावं चढायची, मापं चुकीची धरली जायची, मजुरी महिनोन्‌महिने लटकायची. पण कायदा होता, म्हणून मजुरांच्या संघटना तहसीलवर मोर्चा नेऊन 'आमचं काम कुठे आहे' असं विचारू शकत होत्या. कायद्यानं बांधलेल्या सरकारला हिशेब विचारता येतो. मेहेरबानीला हिशेब नसतो, तिथे फक्त टाळ्या. नेत्याच्या नावाने जयजयकार करणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी चाललंय. तुम्ही गरिबाच्या हातात कार्ड देता आणि दाद मागायची सोय काढून घेता.

आरोग्याचं नेमकं हेच झालं आहे. १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, सर जोसेफ भोर यांच्या समितीनं अहवाल दिला की पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्राची आखणी तिथली. आज नियम काय? सपाटीवर तीस हजार वस्तीला एक केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात वीस हजारांना. बांधून झालीही बरीच. पण २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात केंद्र आणि राज्यं मिळून आरोग्यावर देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के खर्च २०२५ पर्यंत करायचा असं लिहिलं, आणि २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यात, तेही कोविडच्या काळात, तो १.८४ टक्के निघाला. त्याच लेख्यात आणखी एक आकडा आहे. आजारपणावर देशात होणाऱ्या १०० रुपयांपैकी ३९ रुपये ४० पैसे लोक स्वतःच्या खिशातून घालतात. २०१३-१४ मध्ये तो ६४ रुपयांवर होता. म्हणजे उतरला, विरोधवाल्यांनी हे तोंड वाकडं न करता मान्य करायचं. आणि अजूनही चाळीसच्या घरात आहे. हे भक्तांनी लिहून घ्यायचं.

कार्ड असूनही हा पैसा खिशातून का जातो? हा प्रश्न पंगतीत एकालाही पडला नाही. मी सांगते, कारण पेन्शनीत आल्यापासून गल्लीतल्या निम्म्या पेशंटांबरोबर मीच जाते. कार्ड चालतं ते भरती झाल्यावर, तेही यादीत बसणाऱ्या उपचाराला. हृदयाची नळी तुंबली, योजना. डायलिसिस, योजना. पण बीपीची, साखरेची रोजची गोळी कार्डावर मिळत नाही. खोकल्याला आठ दिवस डॉक्टर बदलत फिरलं, तर तो खर्च कार्डावर नाही. आणि गरिबाचं घर पोखरतं ते मुख्यतः या ओपीडीच्या चिठ्ठ्यांनी आणि औषधाच्या दुकानानं. दुसरं, यादीतली बहुतेक रुग्णालयं शहरांत. पायथ्याच्या पाड्यावरून तिथपर्यंत यायचं भाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, त्याचं दोन वेळचं जेवण, याचं पॅकेज कोणी केलेलं नाही. तिसरं, रुग्णालयाला एका ऑपरेशनचे ठरलेले पैसे मिळतात. दर कमी, बिलं उशिरा, ही डॉक्टरची तक्रार खोटी नाही, ते मी त्याच्या बाजूनं सांगते. पण त्यावर पुष्कळांनी काढलेला तोडगा असा की योजनेच्या पेशंटला 'बेड नाहीत' सांगायचं, किंवा कोपऱ्यात घेऊन 'वरचा फरक भरा' म्हणायचं. मान खाली घालू नकोस डॉक्टर, तुझं नाव घेतलेलं नाही मी. सकाळच्या पाळीचा आरोग्यमित्र उठून गेला की मंजुरी कोणी टाकायची यावर तासन्‌तास जातात, आणि बाहेर बायको मंगळसूत्राचा विचार करत बसलेली असते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यानं आपल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत केलं. निर्णय चांगला. पण वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे, ती यात नव्हती. दीडच महिन्यात नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका दिवसात २४ माणसं गेली, त्यातली १२ नवजात बालकं. आसपासच्या जिल्ह्यांतून शेवटच्या क्षणी तिथे आणलेली बाळं होती त्यात. उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली आणि रिकाम्या पदांबद्दल, औषधखरेदीबद्दल सरकारला विचारलं. बघा, न्यायालयानं प्रश्न कोणाला विचारला. त्या बाळांच्या आयांना 'फुकट उपचार घ्यायला का आलात' असं नाही विचारलं. तुम्ही त्या आठवड्यात काय करत होतात? एक गट राजीनामा मागत होता, दुसरा गट 'तुमच्या काळात किती गेले' याची जुनी कात्रणं शोधत होता. तमिळनाडूनं १९९४ सालीच औषधखरेदीचं स्वतंत्र महामंडळ काढलं: गरजेच्या औषधांची ठरलेली यादी, एकत्र खरेदी, प्रत्येक दवाखान्याला पासबुक, गोदामात संगणकावर साठा. तिथेही दोन पक्ष आलटून पालटून येतात आणि एकमेकांना तुरुंगात घालायलाही कमी करत नाहीत, पण महामंडळ मोडलं नाही कोणी. आपण औषधखरेदीचं प्राधिकरण कायद्यानं केलं ते २०२३ मध्ये.

आशाताईंबद्दल बोललात ते तर मी ऐकलं नसतं तर बरं. संप करतात म्हणे सारख्या. तुझ्या सुनेच्या बाळंतपणानंतर घरी येऊन बाळाचं वजन कोणी केलं होतं? आशा सरकारी नोकरीत नाही. तिला पगार नाही. मोबदला, तोही बराचसा कामागणिक. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा सत्कार केला, तेव्हा आपण सगळ्यांनी तो फोटो पुढे पाठवला. बाळ जन्मल्यावर पहिल्या महिन्यात घरी जाऊन त्याला तपासायची जी पद्धत ती आज वापरते, तिची कसोटी गडचिरोलीत लागलेली आहे. राणी आणि अभय बंग यांनी तिथल्या खेड्यांतल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली आणि बालमृत्यू खाली आणून दाखवले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, पुढे देशानं उचललं. म्हणजे कुठे पैसा घातला की माणूस वाचतो, हे शोधायला आपल्याला स्वित्झर्लंडला जायची गरज नाही. फक्त, त्या बायकांना दिलेला पैसा फ्लेक्सवर उठून दिसत नाही.

प्रश्न कसे विचारायचे हेही याच राज्यानं शिकवलं आहे, तुमच्यासारख्या पदवीधरांनी नव्हे. २००७ पासून आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली. नंदुरबार, अमरावती, ठाणे, पुणे आणि तेव्हाचं उस्मानाबाद, हे पहिले पाच जिल्हे. गावातल्या लोकांनी आपल्या उपकेंद्राचं आणि आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक करायचं. चांगल्याला हिरवा रंग, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल. मग जनसुनवाई, अधिकारी समोर बसलेले. नर्स पाड्यावर आली का, लस टोचली का, डॉक्टर मुक्कामी राहतो का, बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी का दिली, मोफत असलेल्या इंजेक्शनचे पैसे का घेतले. ज्यांना सही करताना पेन धरायला वेळ लागतो अशा बायका हे विचारत होत्या, आणि मला त्यांचा हेवा वाटतो, कारण माझ्या वर्गातून पंचेचाळीस मिनिटांच्या तासात असा एक प्रश्न कधी आला नाही.

मी स्वतः अनुदानित शाळेत नोकरी केली, जुन्या नियमानं पेन्शन घेते. सरकारी पैशावर जगलेली बाई आहे मी, आणि मला त्याची लाज वाटत नाही. त्या पैशाच्या बदल्यात तुम्हाला शिकवायचं होतं. ते काम उरलेलं दिसतंय, म्हणून आज गृहपाठ देते.

येत्या सोमवारी प्रत्येकानं आपापल्या मूळ गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. ओळख सांगायची नाही, गाडी लांब लावायची. केसपेपर काढायचा आणि रांगेत उभं राहायचं. वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि त्या दिवशी हजर किती, ते लिहून आणायचं. बीपीची आणि साखरेची गोळी महिन्याची मिळते की पाच दिवसांची? कुत्रं चावल्याची लस आणि साप चावल्यावरचं इंजेक्शन आज, आत्ता, कपाटात आहे का? नुसतं 'आहे' म्हणाले तर दाखवा म्हणायचं. रुग्ण कल्याण समितीची शेवटची बैठक कधी झाली, तिच्याकडे किती पैसे आले आणि कशावर गेले, इतिवृत्त मागायचं. नाही दिलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दोन्ही तटांतून एकेक अशा जोड्या करून जायचं, म्हणजे एकट्याला आपल्या सोयीचं उत्तर आणता येणार नाही.

बँकेतल्या साहेबानं जाताना आपल्या धुणंभांड्याच्या बाईलाही न्यायचं, तिची रजा न कापता. कोणत्या खिडकीला आधी उभं राहायचं हे तिला तुझ्याहून जास्त माहीत आहे. डॉक्टर, तुला केंद्रात जायला नको. तू निर्धन रुग्ण निधीत गेल्या वर्षी किती रुपये जमा झाले, किती खर्च झाले आणि किती खाटा खरोखर दिल्या, याचा तुझ्या रुग्णालयाचा हिशेब घेऊन यायचा. विश्वस्त 'कशाला हवाय' म्हणाले तर सांग, बाईंनी मागितलाय. उत्तरं स्वतःच्या अक्षरात, फुलस्केपवर, समास सोडून. कुठूनतरी पुढे पाठवलेलं चालणार नाही. मला अजूनही कळतं कोणी कोणाचं बघून लिहिलंय ते.